आपले होणार नाही असे मूल

बालगृहाच्या कार्यालयात भिंतीवर बहुधा एक तक्ता असतो. कोणत्या तारखेला कोणाकडून जेवण आहे, ते वाढदिवसाचे की वर्षश्राद्धाचे, हे त्यावर लिहिलेले असते आणि पितृपक्षात तर त्यावर रिकामी तारीख सापडत नाही. मीही अनेक वर्षे असे जेवण देणाऱ्यांपैकी होते, आणि देणाऱ्यांच्या मनातली माया खोटी नसते हे मी अनुभवाने सांगू शकते. एका वर्षी पंगतीत वाढत असताना आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने मला विचारले, "काकू, तुम्ही परत कधी येणार?" मी खरे ते सांगितले: पुढच्या वर्षी, याच तारखेला. तिने मान डोलावली आणि पुरीसाठी ताट पुढे केले. येणारा प्रत्येक मोठा माणूस तारखेपुरता येतो, हे तिला आधीपासूनच ठाऊक होते.

आईवडील नसल्यामुळे, किंवा असूनही, ज्यांना स्वतःच्या घरी राहता येत नाही अशा मुलांना काही महिने किंवा काही वर्षे आपल्या घरात ठेवून वाढवणे, याला सरकारी मराठीत प्रतिपालकत्व म्हणतात. बोलताना सगळे फॉस्टर केअरच म्हणतात. माझे म्हणणे असे की महाराष्ट्रातल्या खात्यापित्या कुटुंबांनी हे काम दानधर्मात मोजणे थांबवावे आणि नागरिक म्हणून आपल्या वाट्याला आलेले काम म्हणून ते अंगावर घ्यावे. आणि अंगावर घेताना, हे मूल आपले होणार नाही, ही अट मनापासून मान्य करावी. या दुसऱ्या भागावर माझा अधिक भर आहे, कारण चांगल्या मनाची माणसेसुद्धा तिथेच अडतात.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 हा कायदा 15 जानेवारी 2016 पासून अमलात आहे आणि त्याच्या कलम 44 मध्ये प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. मूल कोणत्या घरी ठेवायचे हे बालकल्याण समिती ठरवते. घर निवडताना त्या कुटुंबाची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा अनुभव पाहावा, भावंडे शक्यतो एकाच घरात राहावीत, समितीने दर महिन्याला घराची पाहणी करावी आणि शासनाने त्या मुलासाठी दरमहा पैसे द्यावेत, असे कायदा सांगतो. जन्मदात्या आईवडिलांना तो बाजूला सारत नाही. मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर ते मुलाला भेटू शकतात आणि परिस्थिती सुधारली की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते. दत्तकासाठी मोकळे झालेले मूल दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देऊ नये, हेही त्याच कलमात आहे. दत्तकविधान आणि प्रतिपालकत्व ही दोन वेगळी नाती आहेत, आणि कायद्याने त्यांच्यामधली रेघ जाणूनबुजून ओढलेली आहे.

ती रेघ का हवी, हे बालगृहातल्या मुलांची माहिती घेतली की कळते. आपण सरसकट 'अनाथ मुले' म्हणतो आणि तिथेच चुकतो, कारण त्यांतल्या फार मोठ्या संख्येच्या मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात असतात. आईला मनोरुग्णालयात दाखल करावे लागलेले असते. वडिलांनी दुसरे लग्न केलेले असते आणि नव्या घरात मुलाला जागा नसते. कोणाची आई तुरुंगात असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 सालच्या निकालाप्रमाणे मूल आईजवळ तुरुंगात सहा वर्षांचे होईपर्यंतच राहू शकते, म्हणजे सहावा वाढदिवस हा त्या मुलासाठी आईपासून दूर जाण्याचा दिवस ठरतो. घरी आजी नसेल, मामा तयार नसेल, तर ते मूल संस्थेत जाते. त्याला दत्तक देता येत नाही आणि देऊही नये, कारण त्याला आई आहे, ती सुटून येणार आहे आणि ती त्याची वाट पाहते आहे. मधल्या चार-सहा वर्षांसाठी त्याला घर हवे असते. आपल्याकडे प्रतिपालकत्वासाठी मुख्यतः सहा वर्षांपुढच्या मुलांचाच विचार होतो, म्हणजे हे मूल अगदी त्याच वयात समितीपुढे उभे राहते.

परक्याचे मूल घरात ठेवणे आपल्याला नवीन नाही. दोन पिढ्यांमागच्या घरांची चौकशी केली तर शिकायला राहिलेला पुतण्या किंवा आईविना वाढलेली भाची हमखास सापडते. माझे सासरे वार लावून जेवत शिकले. आठवड्याचे सात वार, सात घरे. त्यांच्या बुधवारच्या घरी भात दुसऱ्यांदा मागायचा नाही, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांना ते न सांगता कळले होते. पुढे स्वतःच्या घरात, स्वतःच्या कमाईचे जेवतानाही बुधवारी त्यांचा हात भातापाशी आखडायचा. ज्या घरांनी त्यांना जेवू घातले त्यांच्याबद्दल ते आयुष्यभर आदराने बोलले, आणि त्या घरांचे मोल मलाही कमी लेखायचे नाही. पण त्या व्यवस्थेत मुलाने उपकार लक्षात ठेवायचे असत, सर्वांच्या आधी उठायचे, न सांगता पाणी भरायचे आणि नजर खाली ठेवायची. शिवाय वारही जातीतच लागत. प्रतिपालकत्वाच्या कायद्यात मुलाच्या डोक्यावर असले कोणतेही ऋण नाही. घर मिळणे हा त्या मुलाचा हक्क आहे आणि ते देणाऱ्याचे आभार मानण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. आपल्या जुन्या चालीरीतींतून हा एवढा फरक करायला आपण शिकलो, तर बाकीचे बरेचसे आपल्याला येतेच.

संस्थेवर आपला विश्वास जास्त, यालाही महाराष्ट्रात एक सन्मान्य कारण आहे. 'बोर्डिंग' हा शब्द आपल्याकडे दुःखाचा नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले आणि त्यांतून शिकलेल्या पिढ्यांनी हा प्रदेश घडवला. त्यामुळे गरीब आईबाप आजही मुलाला संस्थेत ठेवताना 'तिथे शिकेल, दोन वेळचे जेवेल' असे म्हणतात, आणि त्यात त्यांची निष्ठुरता नसते. पण भाऊरावांच्या वसतिगृहात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्र विकले हे आपण भाषणांतून ऐकत आलो आहोत. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की कोणते पोर आज जेवले नाही हे ओळखणारी एक बाई तिथे होती. पन्नास मुलांमागे पाळीपाळीने बदलणाऱ्या दोन काळजीवाहकांना, त्या कितीही प्रेमळ असल्या तरी, ते शक्य होत नाही. दोष त्यांचा नसतो. ती रचनाच तशी असते.

या बाबतीत आता केवळ भावनेवर बोलावे लागत नाही. रोमानियातल्या बुखारेस्ट शहरात या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी अनाथालयांतली 136 लहान मुले घेऊन एक दीर्घ अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांकडे दिली गेली आणि निम्मी संस्थेच्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणे आणि माणसांशी जडलेले नाते ही संस्थेतल्या मुलांपेक्षा सरस दिसली, आणि जी दोन वर्षांच्या आत घरात गेली त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. आपल्याकडे प्रतिपालकत्वात येणारी मुले वयाने मोठी असतात, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. तरीही एक गोष्ट त्यातून निश्चित घेता येते: संस्थेत राहण्याची किंमत मूल स्वतःच्या वाढीतून मोजते, भोवतालची भिंत कितीही स्वच्छ रंगवलेली असली तरी.

पुढे आम्हीही प्रतिपालक झालो. आमच्याकडे आलेली मुलगी दहा वर्षांची होती. तिचे नाव मी लिहिणार नाही. कायद्यानेही ते लिहिता येत नाही आणि तो नियम योग्यच आहे. पहिले चार-पाच दिवस ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून आत पाहायची, पण पाऊल आत टाकायची नाही. मला वाटले, लाजते आहे. मग कळले की संस्थेत स्वयंपाकघराकडे मुलांनी फिरकायचे नाही असा नियम होता, आणि तो सुरक्षिततेसाठीच होता, कारण तिथे मोठाल्या पातेल्यांत वरण उकळत असते. चार वर्षे ती रोज जेवली होती, पण अन्न शिजताना तिने पाहिले नव्हते. मी फोडणी घातली आणि मोहरी तडतडली तशी ती दचकून मागे सरली. तिने विचारले, "काही बिघडलं का?" दहा वर्षांच्या मराठी मुलीला फोडणीचा आवाज ओळखता येत नाही, या एका गोष्टीने मला जेवढे समजावले तेवढे कोणत्याही अहवालाने समजावले नसते. कोथिंबीर घासाघीस करून घेणे, पाहुणे आले की चहाचे आधण वाढवणे, दूध उतू गेले की ओरडा खाणे आणि पाच मिनिटांनी सगळे विसरून जाणे, हे कोणी शिकवत नाही. ते घरात राहून अंगात मुरते. अठराव्या वर्षी संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींची जी दमछाक होते, तिच्या मुळाशी या मुरण्याचा अभाव असतो.

तिची आई दोन-तीन महिन्यांनी भेटायला यायची. उपचार चालू होते, औषधांमुळे तिचे बोलणे संथ झालेले होते. पहिल्या भेटीला तिने लेकीसाठी हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या. त्या हातात चढेनात. मुलीचा हात आईला आठवत होता तो दीड वर्षापूर्वीचा. मुलीने बोटे आवळून, साबण लावून एक बांगडी कशीबशी चढवली आणि आईला हात दाखवला. मी बाजूच्या खोलीत जाऊन बसले. त्या दिवशी मला नीट कळले की या घरात माझे काम काय आहे. ते दोन हात पुन्हा भेटेपर्यंत त्यातला एक हात सांभाळायचा, एवढेच ते काम होते.

म्हणूनच 2024 मध्ये केंद्र शासनाने प्रतिपालकत्वाच्या मार्गदर्शक सूचनांत केलेल्या बदलांकडे मी मिश्र भावनेने पाहते. पूर्वी केवळ विवाहित जोडप्यांना ही संधी होती. आता 35 ते 60 वयाच्या अविवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा कायद्याने विभक्त झालेल्या व्यक्तींनाही मूल सांभाळता येते, फक्त एकट्या पुरुषाला मुलगाच सांभाळता येतो. हा बदल फार चांगला आहे. एकट्या राहणाऱ्या कितीतरी शिक्षिका, परिचारिका, निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या बँक कर्मचारी हे काम उत्तम करतील. दुसरा बदल असा की मूल दत्तकासाठी मोकळे असेल, तर पाच वर्षांऐवजी दोनच वर्षांच्या सांभाळानंतर त्याला दत्तक घेता येईल. ज्या मुलाला खरोखर कोणीच उरलेले नाही, त्याच्यासाठी हेही स्वागतार्ह आहे. माझी भीती वेगळी आहे. दत्तकासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबलेली जोडपी हा जवळचा रस्ता समजून या दाराशी येतील. त्यांची व्यथा खरी आहे. पण जो माणूस मनात 'दोन वर्षांनी हे आपले' असे धरून मूल घरी आणतो, त्याला त्या मुलाची आई बरी होऊन परत येणे हे संकट वाटू लागते. तो भेटी टाळतो, आईबद्दल मुलासमोर नको ते बोलतो, आणि दोष आपल्यात आहे हे त्याला कळतही नाही. गृहचौकशी करणाऱ्यांनी कुटुंबाला उत्पन्न, आरोग्य आणि पोलीस पडताळणी यांबरोबर हेही खोलात जाऊन विचारले पाहिजे: उद्या आई न्यायला आली तर तुम्ही तिला चहा कराल का?

जीव लावायचा आणि मग सोडायचे, हे सहन होणार नाही, असे मला अनेक जणी सांगतात. सहन होत नाही, हे खरेच आहे. पण तेवढ्यासाठी मुलाला कोणाचाच जीव लागू द्यायचा नाही, हा न्याय कसा होईल? निरोपाचे दुःख मोठ्या माणसाने घ्यायचे की लहानाने कोरडे वाढायचे, असा हा प्रश्न आहे, आणि मला त्यात दोन बाजू दिसत नाहीत.

दुसरी भीती परदेशांतल्या बातम्यांतून आलेली आहे. 2011 मध्ये नॉर्वेत एका बंगाली जोडप्याची दोन लहान मुले तिथल्या बालकल्याण यंत्रणेने काढून घेतली; 2012 मध्ये ती काकांबरोबर भारतात परतली. 2021 मध्ये बर्लिनमध्ये एका गुजराती कुटुंबाची तान्ही मुलगी अशीच सरकारी ताब्यात गेली. त्यामुळे 'फॉस्टर केअर' म्हणजे सरकारने मूल हिरावून परक्यांना देणे, असे चित्र आपल्याकडे पक्के झाले आहे. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या सरकारांनी आदिवासी मुलांना घरांतून ओढून नेले त्याचा इतिहास तर याहून भयंकर आहे. मी ही भीती उडवून लावणार नाही. केवळ गरिबी हे मुलाला आईपासून तोडण्याचे कारण कधीही असू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या 2009 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे आणि ते आपण घट्ट धरून ठेवले पाहिजे. पहिला पैसा आईच्या हातात गेला पाहिजे. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना, जिला 2023 पासून क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, एकल पालकाकडे किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलासाठी दरमहा 2,250 रुपये देते, आणि त्या रकमेमुळे कितीतरी विधवांची मुले संस्थेत जाण्यापासून वाचली आहेत. आईला जमत नसेल तर आजी, मावशी, काका. तेही नसतील तेव्हा परके कुटुंब. आणि संस्था सर्वांत शेवटी. आज आपला क्रम बहुतेक वेळा आईवरून थेट संस्थेवर उडी मारतो, आणि मधली पायरी रिकामी राहते.

ती पायरी नुसत्या सदिच्छेने भरणार नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत प्रतिपालकत्वासाठी मुलामागे दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे, पण हप्ता सहा-सहा महिने आला नाही तर ज्याच्या घरी एकच कमावते माणूस आहे त्याला ते परवडत नाही, आणि मग हे काम फक्त सुखवस्तू लोकांचे होऊन बसते. कायद्याने सांगितलेली मासिक पाहणी व्हायची तर जिल्हा बाल संरक्षण कक्षांत पुरेशी माणसे हवीत. पाहणीला आलेल्या माणसाने मुलाशी एकांतात बोलले पाहिजे, कारण परक्या घरात मुलाचा छळ होऊ शकतो, आणि आम्हा प्रतिपालकांना या तपासणीचा राग येता कामा नये. शाळांनीही बदलायला हवे. आम्ही प्रवेशासाठी गेलो त्या शाळेच्या अर्जात वडील, आई आणि पालक असे तीनच रकाने होते, आणि 'पालक' रकान्यात माझे नाव आणि आडनाव पाहून लिपिकाने मुलीच्या देखत दोनदा विचारले, "मग हिचे खरे कोण?" मुलीने स्वतःच उत्तर दिले, "आई आहे माझी. ही काकू आहे." तिने ते सरळ सांगितले याचा मला आनंद झाला. तिला ते सांगावे लागले, याचे वाईट आजही वाटते.

जात हा विषय निघतोच. 'कोणाचे आहे' हा प्रश्न शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, गणपतीला आलेले पाहुणेही विचारतात. यावर लांबलचक समजावण्यापेक्षा त्या मुलाला आरतीचे ताट धरायला सांगावे, आणि आपण सर्वांबरोबर टाळ्या वाजवाव्यात. विचारणारे दुसऱ्या वर्षी विचारत नाहीत.

ती मुलगी अडीच वर्षे आमच्याकडे राहिली. आई आता तिच्या बहिणीच्या शेजारी खोली घेऊन राहते, औषधे वेळेवर घेते, एका पोळी-भाजी केंद्रात काम करते, आणि समितीच्या आदेशाने लेक तिच्याकडे परत गेली. जाताना तिने स्वतःच्या वह्या, दोन फ्रॉक आणि मसाल्याचा जुना डबा नेला. डबा तिने मागून घेतला. गेल्या महिन्यात बाल संरक्षण कक्षातून फोन आला. बारा वर्षांचा एक मुलगा आहे, वडील नाहीत, आई शिक्षा भोगते आहे, आणि त्याच्या मागे आठ वर्षांचा धाकटा भाऊ. एकालाच ठेवता येईल का, असे त्यांनी चाचरत विचारले, कारण दोघांना एकत्र घेणारे घर मिळत नाही. आम्ही दोघांनी त्या रात्री खोलीचे माप घेतले. खिडकीखालचे टेबल बाहेरच्या खोलीत हलवले तर दुसरी कॉट बसते, असे त्यांना कळवले आहे.